पोटात न राहणारं लाकूड

माझा बाप पिंपं बांधायचा.
मिझुरीत, हेझल फोर्कच्या कारखान्यात, एकतीस वर्षं.
खिळा नाही, सरस नाही.
फळीला फळी भिडवायची, आत जाळ करायचा,
लोखंडी कडं ठोकत ठोकत खाली आणायचं.
फट राहिलीच तर पाणकणसाचं वाळलेलं पातं.
बस्स.

पण लाकूड पांढऱ्या ओकचंच.
लाल ओक गाडीतून चुकून आला तरी
तो साल न बघता, नुसत्या वासावरून
हात झाडायचा:
"हा नको. याच्या पोटात काही राहत नाही."

मी आठ वर्षांची असताना त्यानं ते दाखवलं.
लाल ओकची वीतभर दांडी,
एक टोक साबणाच्या पाण्यात, दुसरं माझ्या तोंडात.
फुंक, म्हणाला.
फुंकलं,
आणि लाकडातून, भरीव लाकडातून,
बुडबुडे आले.
मग पांढऱ्याची दांडी. गाल दुखले, कानांत दडे बसले,
पाणी ढिम्म.
"झाडानं आपल्या एकेका नळीला
आतून बूच मारलंय. कुणी सांगितलं नव्हतं त्याला."
एवढं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडून
त्याआधी ऐकलं नव्हतं.

लाल दांडी वेन्डलनं खिशात टाकली.
रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरून
माझ्या मानेवर फुंकत राहिला, अख्खं प्रवचनभर.

आईचा आजार डॉक्टरांनी बापाला सांगितला.
बापानं तो ठेवला.
जेवणाच्या टेबलावर, अंगणात, गाडीत तिच्या शेजारी
ठेवला, एक थेंब न गळू देता.
मला वाटतं त्याला तो मोठेपणा वाटत असावा,
किंवा दुसरं काही येतच नसावं.
वेन्डलला कुठून कळलं माहीत नाही.
भांडी पुसता पुसता त्यानं तिला सांगून टाकलं.
ती खाली बसली. मग उठली,
आणि राहिलेल्या चार महिन्यांत
बहिणीला पत्र लिहिलं, नदीवर गेली दोनदा,
मला ब्लाउज बेतायला शिकवलं,
माझ्याकडून बाही तीनदा उसवून घेतली.

दफनाहून परतल्यावर बापानं वेन्डलची पेटी
दाराबाहेर ठेवली. आपटली नाही. ठेवली.

वेन्डल स्लीपरच्या कारखान्यात लागला,
रुळांखाली घालतात त्या. सगळा लाल ओक.
एकदा फोनवर म्हणाला,
"रो, नुसता टाकला तर पाच वर्षांत कुजतो हा.
पण टाकीत घालून दाब दिला ना,
तर ते काळं तेल सगळं पोटात घालतो.
मग तीस वर्षं वरून मालगाड्या जाऊ देत.
पांढरा नाही घेत. वरवर ओला होतो झालं."
मी म्हटलं, हं.
बाप पलीकडच्या खोलीत रेडिओवर हवामान ऐकत होता.

बावीस वर्षं.
मध्ये डोंगरावरचे लाल ओक भुंगेऱ्यांनी पोखरले,
उभे वाळले. वणवे लागले.
दोन वर्षांनी पिकणारी त्यांची कडू फळं
तरीही छपरावर टपटपत राहिली,
आणि बाप दर वर्षी म्हणायचा, कसला हा आवाज.

या फेब्रुवारीत त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी आली.
लाकडाचा भुसा, डॉक्टर म्हणाले, छातीत साठलेला.
मी कुणाला न विचारता फोन केला.

वेन्डल दारात उभा राहिला, टोपी हातात,
केस माझ्यापेक्षा पांढरे.
कितीही धुतले तरी त्याच्या हातांना तो वास आहे,
डांबराचा, ओल्या रुळांचा.
बापानं डोळे न उघडता विचारलं,
"लाल?"
"लाल."
नळीतून हवा येत राहिली, जात राहिली.
"किती आत जातं ते?"
वेन्डल खुर्चीच्या कडेवर टेकला.
"पार गाभ्यापर्यंत."

बापानं हात पुढे केला की चादर सारखी केली,
मला नीट दिसलं नाही.
मी खिडकी उघडायला वळले होते.
वास फार होता.